टायरमधली तार खाऱ्या हवेत काँक्रीटमध्ये किती टिकते

काँक्रीटमध्ये लोखंडाच्या बारीक तारा मिसळायच्या म्हटलं की गोव्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: गंजणार नाहीत का? प्रश्न रास्त आहे. इथे समुद्राकडे तोंड असलेल्या घराच्या खिडकीचे गज रंग लावूनही चार पावसाळ्यांत फुगतात. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तोही काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी केबल गंजल्यामुळे. पूल तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. अशा ठिकाणी जुन्या टायरमधून काढलेली तार काँक्रीटमध्ये घालणं म्हणजे विकतचं दुखणं, असं कुणालाही वाटेल.

उत्तर असं आहे: तार गंजते, पण सळई जशी गंजते तशी नाही. तिचा बारीकपणा तिला एका बाजूने वाचवतो आणि दुसऱ्या बाजूने मारतो. या दोन्ही बाजू समजल्या की कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे जवळजवळ आपोआप ठरतं.

ही तार नेमकी कसली

ट्रकच्या रेडियल टायरमध्ये दोन प्रकारचं पोलाद असतं. रिमला घट्ट बसणाऱ्या कडेत जाड तार असते, साधारण १ ते २ मिलिमीटर व्यासाची. आणि नक्षीच्या खाली, पट्ट्यांमध्ये, पीळ घातलेली अगदी बारीक तार असते, ०.१५ ते ०.४ मिलिमीटरची. काँक्रीटच्या कामाची ही दुसरी. हे भरपूर कार्बन असलेलं, थंड अवस्थेत ओढून बारीक केलेलं पोलाद आहे आणि त्याची ताणशक्ती २००० मेगापास्कलच्या वर जाते. काँक्रीटसाठी मुद्दाम बनवलेल्या, टोकं वळवलेल्या पोलादी तुकड्यांची, म्हणजे फायबरची, ताणशक्ती बहुतेक वेळा १००० ते १२०० च्या आसपास असते. म्हणजे भंगारात आलेली वस्तू ताकदीला नव्यापेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे. रबराने घट्ट धरावं म्हणून टायर बनवताना तिला पितळेचा मुलामा देतात, पण तो इतका पातळ असतो की गंजापासून संरक्षण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय तुकडे करताना टोकं उघडी पडतातच.

आता एक हिशोब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक घनमीटर काँक्रीटमध्ये २८ किलो तार घातली, तुकडे सरासरी ०.२ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर लांब, असं धरा. एका तुकड्याचं वजन सहा मिलिग्रॅम भरतं. म्हणजे एका घनमीटरमध्ये सुमारे ४५ लाख तुकडे. तेवढ्याच वजनाचे ०.७५ मिलिमीटर जाडीचे आणि ६० मिलिमीटर लांबीचे विकतचे फायबर घातले, तर जेमतेम १ लाख ३५ हजार होतात. टायरच्या तारा अशा दर सहा मिलिमीटरवर एक या हिशोबाने पसरलेल्या असतात. त्यामुळे केसासारखी भेग सुरू होते तिथेच ती त्यांच्या हाती सापडते. भेग मोठी झाली की मात्र लांब, वळवलेल्या टोकाचे फायबरच कामी येतात, कारण आखूड तार तोवर सुटून आलेली असते. म्हणून दोन्ही मिसळून वापरणं हा शहाणपणाचा मार्ग. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात टायरच्या तारेवर बरंच काम झालं आहे, आणि तिथेही अशा मिश्रणाचा पाठपुरावा झाला.

सळई काँक्रीट फोडते, तार का फोडत नाही

ताज्या काँक्रीटच्या आतलं पाणी कडक अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ च्या वर. त्यात पोलादावर एक अदृश्य संरक्षक थर बसतो. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड पुरेसं साचलं की तो थर फुटतो आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. १२ मिलिमीटरची सळई गंजली की तिच्याभोवती एवढा दाब तयार होतो की वरचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटतं. बाल्कनीच्या खालच्या बाजूला लांबच लांब भेग आणि आत तपकिरी सळई, हे दृश्य गोव्यात कुणाला नवीन नाही.

सळईत आणखी एक गोष्ट घडते. ती लांब आणि सलग असते. एका टोकाला मीठ पोचलं आणि दुसरं टोक निरोगी राहिलं, तर दोन्ही मिळून बॅटरीसारखं चालू लागतं आणि मीठ पोचलेल्या जागी लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. तारेचा तुकडा २५ मिलिमीटरचा. त्याच्या दोन टोकांत असा फरक पडायला जागाच नाही, आणि शेजारच्या तुकड्याशी सलग जोड नाही. त्यात सळईखाली पाणी साचून पोकळी राहते, तशी तारेखाली फारशी राहत नाही. सिमेंटची पेस्ट तिला सगळीकडून चिकटून बसते. म्हणून तारेला गंज लागायला सळईपेक्षा जास्त क्लोराइड लागतं. आणि लागलाच, तर एवढ्याशा तुकड्याच्या गंजाला काँक्रीट फोडण्याइतका जोर नसतो. घट्ट, न भेगाळलेल्या काँक्रीटमध्ये गंज बहुधा पृष्ठभागाच्या काही मिलिमीटरपुरता राहतो. वरून तपकिरी ठिपके दिसतात, आत कापून पाहिलं तर तार चकचकीत.

ही झाली चांगली बाजू.

दुसरी बाजू अशी. समजा गंजाने सगळीकडून ०.०५ मिलिमीटर लोखंड खाल्लं. १२ मिलिमीटरच्या सळईचा छेद त्याने सुमारे १.७ टक्क्यांनी कमी होतो. तिला कळतही नाही. ०.२ मिलिमीटरच्या तारेचा व्यास मात्र ०.१ वर येतो, म्हणजे छेद चौथाईच उरतो. तार संपल्यातच जमा.

हे कुठे होतं? भेगेत. भेगेच्या दोन काठांना जोडणारा तारेचा भाग उघडा असतो, आणि खारं पाणी थेट तिथे येतं. भेग ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असेल तर सिमेंटमधला चुना भेगेत बसून ती बऱ्याचदा आपोआप बुजते आणि पाणी आत खेळत नाही; उलट हलक्या गंजाने तारेचा पृष्ठभाग खरबरीत होऊन तिची पकड थोडी वाढतेही. भेग ०.५ मिलिमीटरच्या पुढे गेली आणि तिथे भिजणं-सुकणं चालू राहिलं, तर बारीक तारा एकेक करून तुटतात. म्हणजे टिकाऊपणाचा प्रश्न "तार गंजेल का" असा नसून "भेग किती उघडेल" असा आहे.

मग कुठे वापरायची

जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटमध्ये: घरासमोरची गाडीवाट, गोदामाची किंवा वर्कशॉपची फरशी, भाटातला, म्हणजे बागायतीतला, रस्ता, गटाराच्या भिंती, पेव्हर, रस्त्याच्या कडेचे दगड. तुळई, खांब, छताचा स्लॅब, बाल्कनी, विहिरीवरचं झाकण यांत सळईच्या ऐवजी टायरची तार घालायची नाही. कुणी सळई वाचवण्यासाठी तसं सुचवलं, तर ते साफ नाकारावं. सळई पूर्ण ठेवून वर तार घातली तर हरकत नाही, भेगा बारीक राहायला तिची मदतच होते. पण माणसाचा जीव तारेवर टांगायचा नाही.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, म्हणजे फेरीबोटीचा रॅम्प, जेटीचा पायथा, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) मानशीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, भिंती अशा ठिकाणी, दिवसातून दोनदा भिजणं-सुकणं चालतं आणि प्रत्येक सुकण्याबरोबर मीठ थोडं आत सरकतं. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय प्रमाणकात ही स्थिती 'अत्यंत तीव्र' या सर्वांत वाईट गटात येते: सळईच्या कामाला किमान एम ४० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत; आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या आत, सळईवर ७५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. इथे टायरची तार मुख्य आधार म्हणून धरू नये. लाटांचे तुषार पोचतात तिथे किमान एम ३५, नुसत्या किनारी हवेला एम ३०, आणि दोन्हीकडे प्रमाण ०.४५ च्या आत. तारेच्या गाडीवाटेलाही हीच पायरी धरावी, सळई नसली तरी.

खाजनाच्या भरावावरची वाट असेल तर आणखी एक सांगणं आहे. खालची माती बसत असेल तर कुठलीही तार स्लॅब वाचवू शकत नाही. इंचभर खचलेल्या मातीवर स्लॅब मोडतो, भेग दोन-तीन मिलिमीटर उघडते आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत तारा गेलेल्या असतात. आधी भराव थरांनी ठोकून घ्या, पाण्याला वाट काढून द्या, मग काँक्रीटचा विचार करा.

बाहेरचं मीठ यायला वेळ लागतो, आतलं आपणच घालतो

समुद्राचं मीठ घट्ट काँक्रीटमधून आत शिरायला वर्षं लागतात. खाडीच्या रेतीतलं मीठ पहिल्याच दिवशी आत असतं. आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये एकूण क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त चालत नाही, आणि मिसळण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच. साध्या, म्हणजे बिनसळईच्या, काँक्रीटला सवलत बरीच मोठी आहे, पण तार घातली की ते साधं राहत नाही. हीच कडक मर्यादा पाळा.

खाजनाच्या कडेच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, आणि बांधकामाची घाई नेमकी तेव्हाच असते. ते पाणी मिसळायलाही नको आणि वर मारायलाही नको. रेतीची झटपट चाचणी अशी: काचेच्या स्वच्छ ग्लासात मूठभर रेती घ्या, वर शुद्ध, म्हणजे बॅटरीत घालायचं, पाणी ओता, ढवळा आणि निवळू द्या. वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. दुधासारखा पांढरा ढग उमटला तर रेतीत मीठ आहे. ती प्रयोगशाळेत मोजून घ्या किंवा सरळ परत पाठवा. नळाचं पाणी या चाचणीला चालत नाही, त्यातल्या क्लोरीनमुळेही ढग येतो.

तार घेताना काय पाहायचं

टायरमधून तार दोन वाटांनी निघते. यंत्रात टायरचे तुकडे करून चुंबकाने तार वेगळी काढतात; तिची ताकद शाबूत राहते, पण तिच्याबरोबर रबराचे कण आणि कापसासारखा धाग्यांचा पुंजका येतो. दुसरी वाट पायरोलिसिसची, म्हणजे हवाबंद भट्टीत टायर तापवून तेल काढण्याची. तिथली तार रबरापासून सुटलेली असते, पण काजळीने माखलेली, आणि भट्टी जास्त तापली असेल तर नरम पडलेली. दोन्ही चालू शकतात, न पाहता घेतलेली कुठलीच चालत नाही.

मूठभर नमुना घ्या. १०० तुकडे मोजून बाजूला काढा. ते किती लांब आहेत पाहा: बहुतेक १५ ते ४० मिलिमीटरमध्ये हवेत. १० पेक्षा आखूड तुकडे भेग धरत नाहीत, ५० पेक्षा लांब गुंतून गोळे करतात. रबर चिकटलेले किती, तेही मोजा. सुटं रबर ओळखायला मिठाचं संपृक्त पाणी वापरा, एका लिटर पाण्यात विरघळेल तेवढं, साधारण ३५० ग्रॅम. त्याची घनता रबरापेक्षा जास्त होते, म्हणून साध्या पाण्यात बुडणारे रबराचे कण इथे वर तरंगतात आणि तार तळाला जाते. वजनाने अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त कचरा वर आला तर माल पुन्हा चाळून मागा. रबराभोवती सिमेंटची पकड नसते, आणि तीच जागा पुढे पाण्याची वाट होते. हा मिठात भिजवलेला नमुना फेकून द्यायचा, चुकूनही काँक्रीटमध्ये नाही. काजळीसाठी तार पांढऱ्या कापडाने पुसून पाहा; कापड काळंकुट्ट झालं तर ती धुऊन, वाळवून घ्यायला हवी.

पोती फळीवर, छपराखाली, प्लॅस्टिक लपेटून ठेवावीत. आपल्याकडच्या दमट हवेत उघडी तार काही आठवड्यांत तांबूस होते. हलका रंग आला तर चालेल. चिमटीत चोळून पापुद्रा निघाला किंवा वाकवताच तुटली तर ती टाकून द्या.

मिसळणं आणि ओतणं

तीन मीटर रुंद, दहा मीटर लांब आणि १५० मिलिमीटर जाडीची गाडीवाट धरू. काँक्रीट ४.५ घनमीटर. घनमीटरला ३५० किलो सिमेंट, म्हणजे सात पोती. पाणी १४७ लिटर, म्हणजे प्रमाण ०.४२, तार २८ किलो. पोत्यामागे हिशोब सोपा: एक पोतं सिमेंट, २१ लिटर पाणी, ४ किलो तार. एकूण ३१ ते ३२ पोती आणि १२६ किलो तार. रेती ओली असेल तर तिच्यातलं पाणी या २१ लिटरमधून वजा करायचं. सिमेंट फ्लाय ॲशचं किंवा स्लॅगचं घ्या. क्लोराइड अडवायला ते साध्या सिमेंटपेक्षा कितीतरी चांगलं. खडी मोठी २० मिलिमीटरची आणि बारीक १० ची मिसळून, आणि एकूण खडी-रेतीत रेतीचा वाटा ४२ ते ४५ टक्के ठेवा, नाहीतर तारेला गुंडाळायला पुरेसा मसाला उरत नाही.

तार पडली की मिश्रण एकदम कोरडं वाटू लागतं. कामगार त्या क्षणी बादलीभर पाणी ओततो आणि सगळा टिकाऊपणा तिथेच संपतो. हे होऊ नये म्हणून सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मिश्रण मऊ करणारं रसायन, आधीच आणून ठेवा, सिमेंटच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास; नेमकं प्रमाण बनवणाऱ्याच्या पत्रकावर असतं.

क्रम महत्त्वाचा. आधी खडी आणि रेती ड्रममध्ये फिरू द्या. मग तार जाळीवरून, साधारण ४० मिलिमीटर छिद्रांच्या, हाताने झटकत पावसासारखी सोडा. पोतं उलटं केलं तर झालंच. तार मोकळी पसरली की सिमेंट, मग पाऊण पाणी, आणि शेवटी उरलेल्या पाण्यात कालवलेलं सुपरप्लास्टिसायझर. त्यानंतर तीन-चार मिनिटं फिरवा. तरीही लिंबाएवढे तारांचे गोळे दिसले तर ते हाताने काढून टाका. हातमोजे जाड चामड्याचे, डोळ्यांवर चष्मा. ही तार सुईसारखी शिरते. गोळा आत राहिला तर त्याच्या मध्यभागी सिमेंट पोचत नाही आणि तो स्पंजासारखा खारं पाणी धरून ठेवतो. घनमीटरला ४० किलोच्या पुढे गेलं की गोळे टाळणं जवळजवळ अशक्य होतं, म्हणून जास्त तार म्हणजे जास्त टिकाऊ हा समज सोडावा.

मे महिन्यात दुपारी ओतू नका. ऊन आणि समुद्राचा वारा मिळून वरचं पाणी तासाभरात उडवतात आणि काँक्रीट बसायच्या आतच जाळीसारख्या भेगा पडतात. संध्याकाळी ओतलेलं बरं. दाबायला वरून फिरणारा पट्टी-व्हायब्रेटर वापरा. सुईचा व्हायब्रेटर बाहेर काढला की त्याच्या जागी तार नसलेला खड्डा राहतो, आणि तो फार वेळ चालवला तर तारा खाली बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेतीन-चार मीटरवर ५० मिलिमीटर खोल काप घ्यावेत. करवत लवकर फिरवली तर तारा उपसून येतात आणि कड फाटते, उशीर केला तर स्लॅब आपली भेग आपणच निवडतो. कापाखालची भेग नेहमीच जास्त उघडते आणि तिथल्या तारा सर्वांत आधी जातात, म्हणून काप लवचिक सीलंटने भरायचाच. पाणी मारणं १४ दिवस, ओल्या गोणपाटाखाली. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून निघून जाणं म्हणजे भिजणं-सुकणं. त्याने उलट भेगा पडतात.

वर दिसणारे तपकिरी ठिपके पहिल्या पावसातच येतील. ते धोक्याचे नाहीत. ते घालवायला दुकानात मिळणारं फरशीचं ॲसिड मात्र वापरू नका: ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे क्लोराइड आपल्या हाताने पाजणं. ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण डाग काढतं. देवळाच्या प्रांगणात, शाळेच्या अंगणात, जिथे माणसं अनवाणी चालतात, तिथे वर टाइल किंवा पेव्हर बसवल्याशिवाय हे काँक्रीट उघडं ठेवू नये.

तपासताना एक सापळा

मोठ्या कामांवर कधी कधी क्लोराइडची आरसीपीटी ही वेगवान चाचणी मागतात. तिच्यात नमुन्यातून वीज सोडून ती किती वाहिली ते मोजतात. पोलादाची तार असलेल्या नमुन्यात वीज तारेतूनही वाहते, आकडा फुगतो आणि चांगलं काँक्रीटसुद्धा नापास होतं. त्याऐवजी तार न घालता त्याच मिश्रणाचे नमुने त्या चाचणीसाठी ओतावेत, आणि तारेचे नमुने मिठाच्या पाण्यात ठेवून क्लोराइड किती खोल गेलं ते थेट मोजावं. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर सिल्व्हर नायट्रेट फवारलं की मीठ पोचलेला भाग पांढुरका पडतो, बाकीचा तपकिरी. फेनॉल्फ्थॅलीन फवारलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, हवेने अल्कधर्मीपणा घालवलेलं रंगहीन राहतं.

खरी परीक्षा भेगाळलेल्या तुळईची. सहा छोट्या तुळया ओता. २८ दिवसांनी यंत्रावर वाकवून तिघींत ०.२ आणि तिघींत ०.५ मिलिमीटरची भेग पाडा. मग तीन दिवस ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात, चार दिवस बाहेर, असं सहा महिने चालू ठेवा. शेवटी पूर्ण मोडा आणि मोडलेल्या तोंडावर भिंग धरा. तारा काँक्रीटमधून लांब सुटून आलेल्या, टोकाशी अजून चमक असलेल्या दिसल्या, तर त्यांनी शेवटपर्यंत काम केलं आहे. भेगेच्या ओळीतच काळपट, टोकदार होऊन तुटलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर बाहेर आलेल्या दिसल्या, तर गंजाने त्या आधीच खाल्ल्या होत्या. दोन्ही प्रकारच्या तारा मोजून कागदावर लिहा आणि दोन्ही भेगांचे आकडे शेजारी ठेवा. तारेचं प्रमाण आणि कापांमधलं अंतर त्यावरून ठरवायचं.